बोली लावण्याआधी सातबारा वाचा



शेतसारा थकला, घरपट्टी थकली की नोटीस येते, मग जप्ती होते आणि शेवटी लिलाव. हल्ली लिलावाची जाहिरात मोबाइलवरच दिसते. ठरवलेली किंमत बाजारभावापेक्षा कमी असते आणि वणीपासून उमरखेडपर्यंत टपरीवर एकच चर्चा सुरू होते : घेऊन टाकायचं का? जरूर घ्या. मात्र आपण नेमकं काय घेतो आहोत, ते आधी समजून घ्या.

ऑनलाइन लिलावात पडद्यावर तुमचा आकडा सगळ्यात वर दिसला म्हणजे वावर तुमचं झालं, असं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या लिलावात बोली मान्य होताच रकमेचा चौथा हिस्सा, म्हणजे २५ टक्के, भरावा लागतो. तो भरला नाही तर फेरलिलाव. त्यानंतरचे ३० दिवस महत्त्वाचे. या मुदतीत मूळ मालकाने थकबाकी भरली आणि तुमच्या बोलीच्या ५ टक्के रक्कम तुमच्यासाठी जमा केली, तर विक्री रद्द होऊ शकते. लिलावात गैरप्रकार झाला अशी तक्रारही त्याला याच मुदतीत करता येते. विक्री कायम झाल्याचा आदेश हाती येईपर्यंत तिथे विहीर खोदायला मजूर लावू नका.

अमेरिकेत कर थकलेली घरं काउंटी, म्हणजे तिथली स्थानिक सरकारं, सर्रास ऑनलाइन विकतात. मिनेसोटात एका वृद्धेचा फ्लॅट सुमारे १५ हजार डॉलरच्या थकबाकीपायी घेतला गेला आणि ४० हजारांना विकला गेला. वरचे पैसेही काउंटीने ठेवून घेतले. २०२३ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने हे चूक ठरवलं. आपल्या संहितेत खर्च आणि थकबाकी वजा जाता उरलेली रक्कम मूळ मालकाला द्यायची तरतूद आधीपासूनच आहे. एवढ्यापुरता आपला कायदा भला.

पण याच संहितेत कलम २२० आहे. बोली लावायला कुणीच आलं नाही तर जिल्हाधिकारी सरकारच्या वतीने एक रुपयाच्या बोलीवर जमीन घेऊ शकतात. गावातल्या माणसाच्या वावरावर बोली लावून आयुष्यभराचं वैर कोण घेणार? अशा जमिनींवर ‘आकारी पड’ असा शेरा लागला. काही ठिकाणी कसणारं कुटुंब तेच राहिलं, कागदावर मालक मात्र सरकार. १२ वर्षांत थकबाकी भरून जमीन सोडवायची सोय होती, पण ज्यांना सारा भरता आला नाही त्यांना ती कशी साधणार? २०२५ च्या सुरुवातीला राज्य मंत्रिमंडळाने बाजारमूल्याच्या ५ टक्के रक्कम घेऊन या जमिनी मूळ खातेदारांना किंवा त्यांच्या वारसांना परत देण्याचा निर्णय घेतला. उशीर झाला, पण निर्णय योग्यच. तेव्हा असा शेरा असलेली जमीन कुणी स्वस्तात देऊ केली तर दूर राहा.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक गोष्ट पाहावीच लागते. झरी-जामणी, केळापूर, मारेगाव भागात गोंड आणि कोलाम खातेदार आहेत. याच संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे मंजुरीशिवाय जाऊ शकत नाही, आणि प्राधिकाऱ्याच्या आदेशाने होणारी विक्रीही त्यात आली. शिवाय विदर्भाच्या १९५८ च्या कुळकायद्याने शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला बंधन आहे. म्हणून सातबाऱ्यावर फक्त नाव आणि क्षेत्र पाहून थांबू नका. ‘इतर हक्क’ रकाना वाचा, भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते बघा, फेरफारांचे उतारे काढा आणि एकदा जागेवर जाऊन पाहा.

शहरातलं घर घेत असाल तर विजेच्या बिलाचीही चौकशी करा. जुन्या मालकाची थकबाकी नव्या जोडणीसाठी लिलावातल्या खरेदीदाराकडून मागता येते, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्येच म्हटलं आहे. स्वस्त घर मग तेवढं स्वस्त राहत नाही.

आणि ज्यांचं वावर जमीन महसुलाच्या लिलावात गेलं आहे, असेही कुणी हे ऐकत असतील. विक्रीच्या तारखेपासून ३० दिवस तुमच्या हातात आहेत. ते वाया घालवू नका. तहसील कार्यालयात जा, अर्ज लेखी द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.