सागरी लाँच ब्रह्मपुत्रावर

(मंडळाच्या कोजागिरीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही जन्माने रत्नागिरीकडचे, शिक्षणाने बी. ए. आणि पेशाने केंद्र सरकारचे सेवक. यंत्रविद्येशी आमचा संबंध नाही. तरीही गुवाहाटीस बदली होताच कार्यालयाची मोटर लाँच आमच्या देखरेखीखाली आली. समुद्रकिनाऱ्यालगतच्या प्रवासासाठी बांधलेली ही लाँच 40 फूट लांब होती व तिला तरंगण्यास 4 फूट पाणी लागे. कोकणातल्या माणसास होड्यांतले कळणारच, असा वरिष्ठांचा समज असावा. तो आम्ही दूर केला नाही, ही पहिली चूक.

गोड्या पाण्यात लाँचला सुखच लाभेल असे वाटले होते, आणि ते काही अंशी खरेही ठरले. समुद्रात तळाला चिकटणारे शिंपले येथे जगत नाहीत. गोडे पाणी सुमारे अडीच टक्के हलके, म्हणून लाँच अधिक बुडते. पण ते बोटभरच. त्रास दिला तो गाळाने. इंजिन थंड ठेवण्यास बाहेरचे पाणी आत ओढले जाते, आणि पावसाळ्यातले ते पाणी म्हणजे पातळ चिखलच! गाळणी दिवसातून दोनदा धुवावी लागे. पंख्याच्या दांड्यावर जस्ताचे तुकडे बसवतात. ते स्वतः झिजून इतर धातू वाचवतात. गोड्या पाण्यात मात्र जस्तावर पापुद्रा धरून ते निकामी होते व तेथे मॅग्नेशियम लागते. त्यासाठी केलेला आमचा मागणी-कागद 'जस्त का चालत नाही?' या शेऱ्यासह दोनदा परत आला.

ब्रह्मपुत्र हा नद आहे. धुबरी ते सादिया हा त्याचा 891 किलोमीटरांचा पट्टा 1988 साली राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 2 म्हणून घोषित झाला. नौकांची वाट दाखविणाऱ्या खुणा पाण्यात असतात. एका ऑक्टोबरअखेर, वेळ वाचावा म्हणून, आम्ही त्या खुणा सोडून आडवाटेने जाण्यास सांगितले. म्हातारे सारेंग, म्हणजे आपल्याकडील तांडेल, एवढेच म्हणाले, ''साहेब, पाणी उतरतीचे आहे.'' अर्ध्या तासात लाँच वाळूत रुतली.

आम्ही निश्चिंत होतो. आमच्या खाडीत होडी रुतली की तांडेल विडी शिलगावून बसे. सहा तासांत भरती येई व होडी आपोआप उचलली जाई. तसेच आम्हीही चहा मागवला. सारेंगांनी पाण्याच्या कडेला बांबूची एक काडी रोवली व म्हणाले, ''येथे भरती येते ती जेठ महिन्यात.''

पहाटे ती काडी पाण्यापासून दोन हात दूर, कोरड्या वाळूत उभी होती. आमचा चहा तेथेच संपला! आणखी एक दिवस गेला असता, तर सात महिने ती लाँच त्या चरावर पडून राहिली असती, आणि पुढल्या पुरात तिचे काय झाले असते ते सांगवत नाही. आम्ही पाण्याची टाकी रिकामी केली, डिझेलचे डबे व सामान जवळच्या भुटभुटीत उतरवले. खलाशांनी नांगर होडीतून नेऊन खोल पाण्यात टाकला. मग नांगराचा दोर सगळ्यांनी ओढायचा, पुढून भुटभुटीने खेचायचे, आणि दोघांनी कमरेइतक्या गार पाण्यात उभे राहून तळाखालची वाळू उपसायची. इंजिन लावण्यास सारेंगांनी साफ मनाई केली. वाळू शोषून तेही गेले असते. दोर ओढणाऱ्यांत आम्हीही होतो, हे केवळ तळहातांच्या साक्षीने सांगतो. दुपारी दोनच्या सुमारास लाँच हलली.

संध्याकाळी पांडू येथे पोहोचल्यावर सारेंगांनी रोजनामा सहीसाठी पुढे केला. त्यात लिहिले होते, 'वाळूत मुक्काम, एक रात्र.' कोणाच्या हुकमावरून, ते त्यांनी लिहिले नव्हते.