पटावरची खूण

(अनुताई वाघ यांच्या स्मृतिदिनी, २७ सप्टेंबरला, सेविका-मदतनीस मेळाव्यात केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. पाड्यावर हाका मारून पोरं गोळा करायची सवय आहे, म्हणून आवाज मोठा लागला तर सांभाळून घ्या. अनुताईंवर बोला असं मला सांगितलंय. पण मी अनुताईंना पाहिलेलं नाही. त्या १९९२ साली गेल्या आणि मी कामाला लागले त्यानंतर. मी सांगणार ते त्यांच्याबद्दल वाचलेलं-ऐकलेलं, आणि थोडं माझ्या स्वतःच्या अंगावरून गेलेलं. त्यांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं. केंद्रात एक प्रत आहे, पण नेलेली परत आणा.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत नवरा गेला. आपल्या वारली समाजात अशी बाई दुसरं घर करते, कोणी नाव ठेवत नाही. त्यांच्याकडे तेव्हा तशी वाट नव्हती. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. चांदवडला, मग पुण्याला हुजूरपागेत नोकरी केली. १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला आल्या तेव्हा त्यांचं वय ३५. पुण्यातली बांधलेली नोकरी सोडून समुद्रकाठच्या खेड्यात. तिथून पुढची ४७ वर्षं त्या ह्याच भागात राहिल्या, आधी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर.

बोर्डीला बालवाडी काढली, पण ज्यांच्यासाठी काढली ती वस्तीवरची पोरं येईनात. आपण काय करतो? रजिस्टरात ‘पालक उदासीन’ असं लिहितो. मीही लिहिलंय. ताराबाई आणि अनुताईंनी बालवाडीच उचलून त्या वस्तीच्या अंगणात नेली. पोरांना आधी अंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची आणि मग गाणी. अंगणात भरते ती अंगणवाडी. २ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि हेच नाव देशभर गेलं. आपल्या दारावरच्या पाटीवर जो शब्द रंगवलाय, तो इथल्या मातीतला आहे. ह्या गोष्टीचा मला फार अभिमान वाटतो. मानधन वेळेवर आलं नाही तरीसुद्धा वाटतो.

कोसबाडला आणखी एक अडचण निघाली. मोठी पोरं गुरं घेऊन रानात जायची. मग शाळा कुरणात गेली, तिचं नाव कुरणशाळा. आणि मोठ्या बहिणी शाळेत का येत नाहीत, तर कडेवर लहान भाऊ असतो. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी ठेवली. भाऊ पाळण्यात, बहीण वर्गात. महागडी साधनं नव्हती. शिंपले, बिया, खडे, पानं, माती ह्यांवरच मोजणं आणि रंग ओळखणं चालायचं.

आता माझं सांगते. हे मी आजवर जाहीरपणे बोललेले नाही.

कामाला लागून सात-आठ वर्षं झाली असतील. आमच्या पाड्यावरची निम्मी घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या पटावर ३८ मुलं आणि समोर ९. तेव्हा एका वरिष्ठांनी बजावलं होतं की हजेरी कमी दिसली तर केंद्राचं अवघड होईल. मी घाबरले. गेलेल्या मुलांच्या नावापुढे हजर अशी खूण करत राहिले. वजनही अंदाजानं लिहिलं, मागच्या महिन्यापेक्षा पाव किलो जास्त.

त्यांत एक तीन वर्षांची मुलगी होती. नाव सांगत नाही. चार महिने ती माझ्या रजिस्टरात रोज हजर होती, खिचडी खात होती, वाढत होती. होळीला आईबाप परत आले आणि मी तिला काट्यावर ठेवलं, तर चौथी श्रेणी. हात लावला की हाड लागायचं. माझ्या कागदावर ती चांगली होती म्हणून भट्टीवर तिची चौकशी करायला कोणाला कारणच नव्हतं. मी खरं लिहिलं असतं तर काही झालं असतं की नाही, मला सांगता येत नाही. पण लिहिलं नाही, हे खरं.

१७ दिवस ती दवाखान्यात होती. आई तिच्याजवळ, बापाची मजुरी बुडालेली. मी एक दिवसाआड जायची. ती वाचली. त्याच दिवसांत कोणीतरी ते कोसबाडचं पुस्तक माझ्या हातात दिलं. सगळं कळलं असं नाही, मी तेव्हा सातवी पास होते. पण अंगणाचं ते कळलं.

मग मी तिची नऊ वर्षांची बहीण पाहिली. तीच तिला सांभाळायची, त्यामुळे शाळा नाही. मी गुरुजींशी बोलले आणि धाकटीला सकाळी साडेआठलाच माझ्याकडे ठेवायला सांगितलं. नियमात वेळ दहाची होती. मदतनीस मावशी कुरकुरल्या, पण पोरीला कडेवर त्यांनीच जास्त घेतलं. मोठी सातवीपर्यंत शिकली. पुढे नाही शिकली.

दिवाळीनंतर आता मी खरी हजेरी लिहिते. कोण कुठल्या भट्टीवर गेलं ते वहीत लिहून तिकडच्या सेविकेला फोन करते. कधी फोन लागतो, कधी ती म्हणते माझ्याच पटाचं होत नाही ताई. तिचंही खोटं नाही. आता मोबाइलवर नोंद करायची असते, तिथेही खोटी खूण करता येतेच.

गेल्या आठवड्यात ती मोठी बहीण दारात आली, कडेवर स्वतःची मुलगी. नाव घाला म्हणाली. नाव मी घातलं. हजेरी सोमवारपासून, पोर आली की.