मतदारसंघाची रेघ
(ओझर येथील सभेत केलेले भाषण)



निवडणूक आली की आपण झेंडे घेऊन निघतो. मत कुणाला द्यायचं यावर पाळी सुटल्यावर नाक्यावर तासतासभर भांडतो. पण त्या मताला वजन किती, हे पेटी येण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. मतदारसंघाची रेघ जिथून जाते, तिथं ते ठरतं. आपण गिरणीतली माणसं. बीम भरताना तार चुकली, तर पुढं साचेवाल्यानं डोळ्यांत तेल घालून काम केलं तरी दोष थानभर उतरतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मतदारसंघ म्हणजे निवडणुकीचं बीम आहे.

ओझरचंच बघा. ओझर निफाड तालुक्यात आणि विधानसभेला निफाड मतदारसंघात. लासलगावही निफाड तालुक्यातच. पण लासलगावचा कांदेवाला कागदाला निफाडला जातो आणि आमदार निवडतो तो येवल्याचा! लोकसभेला आपण २००८ पासून दिंडोरीत. नाशिक शहर इथून वीसेक किलोमीटर, कोर्टकचेरी आपण तिथं करतो. पण खासदार आपला आणि नांदगाव-कळवणचा एक, नाशिकचा दुसरा. दिंडोरीची जागा आदिवासी बांधवांसाठी राखीव आहे आणि ती असायलाच हवी, त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा सवाल एवढाच, की ही रेघ ओढली कुणी आणि ओढताना ऐकलं कुणाचं?

रेघ ओढतो परिसीमन आयोग. मागचा आयोग २००२ च्या कायद्यानं बसला, न्यायमूर्ती कुलदीप सिंग त्याचे अध्यक्ष. राज्यघटनेचं १७० वं कलम सांगतं, की राज्यभर प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या होता होईल तो सारखी असावी. २००१ च्या जनगणनेप्रमाणं महाराष्ट्राची लोकसंख्या ९ कोटी ६८ लाख, आमदार २८८. म्हणजे एका आमदाराच्या वाट्याला सुमारे ३ लाख ३६ हजार माणसं. शिवाय डोंगर-नद्या, तालुक्यांच्या हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय बघावी, असंही कायद्यात आहे. भाषेचं नाव त्यात नाही. आयोगाबरोबर खासदार-आमदार सहयोगी म्हणून बसतात, पण त्यांना मत नसतं. आणि एकदा हुकूम निघाला की ३२९ व्या कलमानं कोर्टाचं दार जवळपास बंद! म्हणून बोलायचं ते आधी.

जागांचा हिशेब काय करतो, ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानं दाखवलं. १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्य आपल्या डोक्यावर बसवलं. विधानसभेच्या जागा ३९६. त्यात २६४ इकडच्या आणि १३२ गुजरातच्या. मराठी मुलखाच्या जागा दुप्पट, तरी राज्य मराठी माणसाचं नव्हतं. १९५७ च्या निवडणुकीत मुंबईनं आणि पश्चिम महाराष्ट्रानं समितीच्या पदरात भरभरून मतं टाकली. गिरणगावानं कॉम्रेड डांग्यांना लोकसभेत धाडलं, आपल्या नाशिकनं दादासाहेब गायकवाडांना. तरी काँग्रेसचं सरकार टिकलं, कारण गुजरात आणि विदर्भाच्या जागांची बेरीज त्यांच्या बाजूला पडली. पुढं १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, तेव्हा नवी निवडणूक झालीच नाही. त्याच २६४ जागांची विधानसभा महाराष्ट्राची म्हणून १९६२ पर्यंत चालली. आणि आपल्या सुरगाण्याला लागून असलेलं डांग गेलं गुजरातेत. ते शल्य वेगळंच.

आता गिरणगावाची गोष्ट ऐका, ती आपल्या काळजाची आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या बंद पडत गेल्या, माणसं उपनगरात आणि त्याही पलीकडं फेकली गेली. जनगणना माणसं मोजते, चिमण्या मोजत नाही. २००८ च्या पुनर्रचनेत मुंबई शहराच्या १७ जागांच्या १० झाल्या आणि उपनगरांच्या १७ च्या २६. परळ, चिंचपोकळी, नायगाव, दादर ही नावं मतदारसंघांच्या यादीतून गेली. गणित बरोबर आहे हो! माणूस जिथं राहतो तिथंच त्याचं मत हवं. पण एका पट्ट्यात एकवटलेलं कामगारांचं मत दहा उपनगरांत विखुरलं, की कुठल्याच उमेदवाराला त्याची भीती राहत नाही. मालकाला जे टाळेबंदीनं साधलं नसतं, ते नकाशानं आयतंच झालं.

सीमाभागात हेच भाषेच्या बाबतीत झालं. बेळगाव तालुक्यातला उचगाव मतदारसंघ महाराष्ट्र एकीकरण समितीचा बालेकिल्ला. २००८ मध्ये तो मोडला, बागेवाडीही मोडला आणि बेळगाव उत्तर, दक्षिण, ग्रामीण अशी नवी मांडणी झाली. त्या साली समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. मात्र सगळं खापर रेघेवर फोडणं खरं नाही. २०१३ मध्ये त्याच नव्या रेघांत समितीचे दोन आमदार आले. पुढं २०१८ आणि २०२३ मध्ये पुन्हा शून्य, त्याला आपसातली दुफळीही कारण आहे. घरात दोन उमेदवार उभे केले तर नकाशा काय करील?

तर मुद्दा पुढच्या पुनर्रचनेचा. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीनं जागांची संख्या २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवली. त्यानंतर रेघा पुन्हा ओढायच्या. मागच्या खेपेप्रमाणं आधी मसुदा छापला जातो, हरकतींना मुदत असते आणि जाहीर सुनावणी होते. त्या सुनावणीला पुढारी जातात, वकील नेतात. युनियनची माणसं का जाऊ नयेत? नुसत्या घोषणा तिथं चालत नाहीत. आपलं गाव कुठल्या महसूल मंडळात, लोकसंख्या किती, बाजार कुठं, एसटी कुठं जाते, तहसील कुठलं, हे कागदावर हवं. एक गाव काढून दुसरं घाला म्हणायचं, तर दोन्हीकडची बेरीज जुळवून दाखवावी लागते. पगाराची चिठ्ठी पैशापैशानं तपासणाऱ्या माणसाला हे जड नाही. प्रत्येक खात्यातून दोन माणसं नेमा. तलाठ्याकडून गावांची यादी आणा, जनगणनेचे आकडे उतरवा आणि वही युनियनच्या कचेरीत ठेवा. मसुदा निघेल त्या दिवशी ती वही तयार पाहिजे, कारण हरकतीची मुदत थोडी असते.