रेणापूरच्या बाजारातले इंग्रजी

(रेणापूर येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजीचा प्रश्न निघाला की समाजवादी कार्यकर्त्यांच्या बैठकीत दोन तट पडतात. एका तटाला डॉ. राममनोहर लोहिया यांचे १९५७ सालचे ‘अंग्रेजी हटाओ’ आंदोलन आठवते. दुसरा तट निमूट बसून राहतो. कारण त्याच्या घरातील नातवाला न्यायला रोज सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी दाराशी येऊन थांबत असते. ही विसंगती चेष्टेवारी नेण्याजोगी नाही. लोहियांना प्रमाण मानणारा कार्यकर्ता स्वतःच्या घरात त्यांना प्रमाण मानू शकत नसेल, तर एक तर तो ढोंगी आहे, नाही तर प्रश्न मांडण्यातच कुठे तरी चूक झाली आहे. बहुतेकांच्या बाबतीत दुसरी गोष्ट खरी आहे.

लोहियांचा रोख कशावर होता? न्यायालय, कचेरी, विधिमंडळ आणि विद्यापीठ या ठिकाणी इंग्रजीने जे सिंहासन बळकावले होते, त्यावर. मूठभरांना येणारी भाषा राज्यकारभाराची भाषा असली की कोट्यवधी लोक आपोआप दाराबाहेर उभे राहतात, हे त्यांचे म्हणणे होते आणि ते आजही खरे आहे. पण लोहियांनी स्वतः बर्लिनमध्ये जर्मन भाषेवर प्रभुत्व मिळवून डॉक्टरेट घेतली आणि १९५६ पासून ‘मॅनकाइंड’ हे इंग्रजी मासिक चालविले. परकी भाषा शिकण्याला त्यांचा विरोध नव्हता. ती कुंपण म्हणून वापरण्याला होता. कुंपण पडेपर्यंत त्याच्या पलीकडे जाण्याची वाट गरिबाच्या मुलाला माहीत असू नये, असे कोणत्याही समाजवाद्याला म्हणता येणार नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ सालच्या ‘काव्यफुले’ या संग्रहात शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले, ते याच जाणिवेने.

मराठवाड्याला तर हे कुंपण नवे नाही. निजामी राजवटीत ते उर्दूचे होते. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे म्हणून स्थापन झाले. देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग त्या काळी थोर मानला गेला आणि एका अर्थी तो थोर होताही. पण मराठी, तेलुगू वा कानडी बोलणाऱ्या कुणब्याच्या मुलाला उर्दूही परकीच होती. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय यांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले, उर्दूचे कुंपण गेले, आणि त्या जागी हळूहळू इंग्रजीचे उभे राहिले. ज्या पिढीने एक ओलांडले, तिच्या नातवंडांसमोर दुसरे आले.

आज ते नेमके कुठे आडवे येते, हे लातूर जिल्ह्यात वेगळे सांगायला नको. ‘लातूर पॅटर्न’चे कौतुक राज्यभर झाले. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतून मराठीत दहावीपर्यंत उत्तम गुण मिळवून आलेली मुलगी विज्ञान शाखेच्या अकरावीत बसते, त्या दिवशी तिचे सारे पाठ्यविषय एकदम इंग्रजी होतात. तिला भौतिकशास्त्र समजत नाही असे नव्हे. भौतिकशास्त्र ज्या वाक्यात सांगितले जाते ते वाक्य समजत नाही. शिकवणी वर्गाचा खर्च झेपणारे पालक ती दरी पैशाने बुजवितात. इतरांच्या मुली कला शाखेकडे वळतात आणि ‘तिला विज्ञानाची आवड नव्हती’ अशी नोंद घरच्यांच्या मनात कायमची राहते.

यावर राज्याने उपाय केला नाही असे नाही. शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या कारकिर्दीत, २००० साली, मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यावेळी साहित्यिकांनी आणि आपल्याकडील अनेकांनी टीका केली. त्या टीकेतील भीती अगदीच निराधार नव्हती, पण उलट बाजूचा अनुभवही लक्षात घ्यावा. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने १९८० च्या दशकात प्राथमिक शाळांतून इंग्रजी काढले. हेतू शुद्ध होता. परिणाम असा झाला की ज्यांना परवडत होते ते खासगी शाळांत गेले, ज्यांना परवडत नव्हते ते सरकारी शाळांत राहिले, आणि पुढे टप्प्याटप्प्याने इंग्रजी परत आणावे लागले. समतेसाठी उचललेल्या पावलाने विषमता वाढली. डाव्या पक्षांनी हा धडा आपापसात जेवढा चर्चिला पाहिजे तेवढा चर्चिलेला नाही.

तेव्हा वाद ‘इंग्रजी हवे की नको’ असा नसून ‘कसे आणि कोणाच्या जगातून’ असा आहे.

पावसाला ‘आज परत जा, मग कधी तरी ये’ असे सांगणारे एक विलायती बडबडगीत आपल्या बालवाड्यांतून सर्रास शिकविले जाते. ज्या देशात वर्षभर रिपरिप असते त्या देशाचे ते गाणे. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले, त्या लातूर जिल्ह्यातील मुलाने हातवारे करून पावसाला हाकलावे, ही गंमत नव्हे, क्रूर थट्टा आहे. आपले मूल तर पावसाला पैशाची लालूच दाखवून बोलावीत आले आहे! खेळातून आणि गाण्यातून शिकवावे हे मान्य. पण कोणाचा खेळ आणि कोणाचे गाणे, हे शिक्षकाने विचारलेच पाहिजे.

वास्तविक रेणापूरच्या मुलाच्या तोंडात शाळेत पाऊल टाकण्याआधीच शंभरेक इंग्रजी शब्द असतात. मोटार, पंप, स्टार्टर, फ्यूज, पाईप, व्हॉल्व्ह, ट्रॉली, तिकीट, रिचार्ज, बॅलन्स. बाप रात्री ‘लाईट आली का’ म्हणून विचारतो तेव्हा तो इंग्रजीचाच पाठ देत असतो. हे सारे शाळेच्या उंबरठ्यावर काढून ठेवायला लावायचे आणि आत कधी न पाहिलेल्या फळाचे नाव घोकून घ्यायचे, ही चाल उलटी आहे. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांना खडे, पाने आणि बिया यांच्या साहाय्याने शिकविले. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. ते शिक्षण मराठीतून होते, परंतु शाळेने मुलाच्या जगात जायचे हा त्यातील सिद्धांत इंग्रजीलाही तितकाच लागू आहे.

तो इंग्रजीला लावून पाहण्याचे कामही आपल्याच देशात झाले आहे. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगलोर, मद्रास आदी ठिकाणच्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे पाठ नाहीत, घोकंपट्टी नाही. मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक किंवा नकाशा ठेवायचा आणि एक कोडे घालायचे : अमुक गावी दुपारच्या आत पोहोचायचे तर कोणती गाडी धरावी? एक कोडे सर्व वर्गासमोर प्रश्नोत्तरांतून सोडवायचे, मग तसलेच दुसरे प्रत्येकाने एकट्याने. उत्तर बरोबर आहे की नाही ते तपासायचे, इंग्रजीतील चुका मोजायच्या नाहीत. मुलाचे चित्त गाडी पकडण्यात गुंतते आणि भाषा पाठीमागून येते. जगभरच्या भाषाशिक्षकांनी हा प्रयोग अभ्यासला. आपल्या तालुक्यांत तो फारसा पोहोचला नाही. रेल्वेच्या जागी एस.टी.चे वेळापत्रक घेतले की काम झाले. लातूर, अंबाजोगाई, परळी ही नावे मुलाला पाठच असतात. ‘व्हिच बस गोज टु परळी?’ या प्रश्नाचे उत्तर त्याला मास्तरांच्या आधी देता येईल.

असाच दुसरा पाठ शेतातल्या औषधाच्या डब्याचा. डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल. चार रंगांची नावे पहिलीतल्या मुलाला येतात. त्यांना ‘पॉयझन’, ‘वॉश’, ‘हँड्स’, ‘मास्क’ हे शब्द जोडले, तर चौथीतली मुलगी घरी गेल्यावर बापाच्या हातातील डबा वाचून दाखवील. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. विष अंगात जाण्याची कारणे अनेक होती आणि त्यांची जबाबदारी मुलीवर टाकणे अन्यायाचे होईल. पण तिच्या शाळेत शिकविलेला शब्द तिच्या घरी उपयोगी पडावा, एवढी अपेक्षा वावगी नाही. सोयाबीनच्या पट्टीचेही तेच. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. प्रत्यक्ष मिळालेला भाव आणि हमीभाव यांची वजाबाकी इंग्रजी आकड्यांत करून पाहिली, तर एकाच तासात गणित, इंग्रजी आणि राजकारण असे तीन विषय होतात!

येथे एक आक्षेप रास्त आहे. प्रभूंच्या पद्धतीला शिक्षकाचे स्वतःचे इंग्रजी बरे असावे लागते, आणि जनगणना, मतदारयाद्या व दररोजची माहिती भरण्यात ज्याचा दिवस जातो त्या शिक्षकाकडून कोडी रचण्याची अपेक्षा करणे सोपे नाही. रिक्त पदे भरा, अशैक्षणिक कामे काढा, या मागण्या शिक्षक संघटनांच्या म्हणून बाजूला ठेवण्यासारख्या नाहीत. त्या शेतमजुराच्या मागण्या आहेत. शिवाय केवळ गंमत म्हणजे शिक्षण नव्हे. नाचगाणे झाले, टाळ्या झाल्या, आणि मूल वाचायला शिकलेच नाही, असेही घडते. खेळानंतर वाचन आणि लेखन यांचे कष्ट आहेतच.

आणि माध्यम मराठीच. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी लादण्याचा निर्णय सरकारने काढला आणि जनमताच्या रेट्यामुळे २९ जूनला मागे घेतला. त्या लढ्यात जे मराठीसाठी उभे राहिले, त्यांतील कित्येकांची मुले मराठी शाळेत नाहीत, ही टोचणी विरोधकांनी दिली तेव्हा उत्तर देता आले नाही. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतच चांगले इंग्रजी मिळू लागले, तर पिवळ्या गाडीची वाट पाहण्याचे मोठे कारण उरणार नाही. शाळेचा पट टिकेल, आणि पट कमी म्हणून शाळा बंद करण्याचे निमित्तही सरकारला मिळणार नाही.

कार्यकर्त्यांना त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. राष्ट्र सेवा दलाने १९४१ पासून खेळ आणि गाणी यांतूनच मुले घडविली. ती रीत जुन्या कार्यकर्त्यांच्या अंगवळणी आहे. रविवारी सकाळी पंधरा मुले घेऊन बसस्थानकावर जावे, वेळापत्रक वहीत उतरवून घ्यावे, रिकामे औषधाचे डबे मात्र मुलांच्या हाती न देता त्यांवरील चित्र कागदावर काढून न्यावे. ज्याला स्वतःला इंग्रजी येत नाही, त्याने मुलांबरोबर बसून शिकावे.