‘मोर’ ह्या इंग्रजी शब्दाचे अध्यापन



मराठी मुलाला ‘मोर’ म्हटले की पिसारा फुलविलेला पक्षी आठवतो. २००० सालापासून महाराष्ट्रात इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाऊ लागले आणि ह्याच उच्चाराचा एक इंग्रजी शब्द त्याच्या कानी पडू लागला. शब्द लहान आहे. परंतु त्याची कार्ये तीन आहेत.

पहिला अर्थ ‘आणखी’. ‘वन मोर चपाती’ म्हणजे आणखी एक पोळी. दुसरा अर्थ ‘अधिक’. ‘मोर दॅन टेन बॉइज’ म्हणजे दहांहून अधिक मुलगे. येथे दहा धरावयाचे नाहीत, अकरापासून पुढे मोजावयाचे. तिसरे कार्य तुलनेचे. ‘ब्यूटिफुल’सारख्या लांब विशेषणामागे ‘मोर’ येतो. ‘टॉल’सारख्या लहान विशेषणाचे ‘टॉलर’ होते. ‘गुड’चे तर ‘बेटर’ असे निराळेच रूप होते.

मराठीत विशेषण तुलनेसाठी रूप पालटीत नाही. ‘रामा गोविंदापेक्षा उंच आहे’ ह्या वाक्यात सारा भार ‘पेक्षा’ने उचललेला आहे. म्हणून ‘अधिक चांगला’ म्हणणारे मूल सहजच ‘मोर बेटर’ म्हणते. हे मंदबुद्धीचे लक्षण नव्हे. अशी दुहेरी रूपे शेक्सपिअरच्या नाटकांतही आढळतात. रॉबर्ट लाउथ ह्यांनी १७६२ च्या आपल्या व्याकरणात ती अशुद्ध ठरविली. चूक अवश्य सुधारावी. मुलाला हसू मात्र नये.

खरी अडचण सेमी-इंग्रजी वर्गात गणिताच्या तासाला येते. ‘राम हॅज एट मँगोज. ही हॅज थ्री मोर दॅन सीता.’ तर सीतेजवळ आंबे किती? ‘मोर’ ऐकताच मूल बेरीज करून ११ सांगते. वास्तविक उत्तर ५ आहे. मराठीतील ‘जास्त’ हा शब्दही असाच चकवितो.

ह्यास उपाय साधा आहे. चिंचोक्यांच्या दोन रांगा मांडाव्यात आणि आकडेमोडीपूर्वी एकच प्रश्न विचारावा : जास्त कोणाजवळ? उत्तर ‘रामाजवळ’ असे आले की सीतेची रांग आखूड हे डोळ्यांना दिसते आणि वजाबाकी आपोआप सुचते. ‘मोर म्हणजे बेरीज’ असा नियम फळ्यावर कधीही लिहू नये. शब्दावरून क्रिया ठरवू लागलेले मूल वाक्य वाचावयाचे सोडून देते. आणि वाक्य वाचण्याची सवय एकदा सुटली की भाषा व गणित दोन्ही विषय हातचे जातात.