सरासरी माणूस आणि सीमेवरचा काटा



परदेशात कायमचे राहायला निघालेल्या माणसाला त्या देशाने नेमून दिलेल्या डॉक्टरकडे जाऊन जी तपासणी करून घ्यावी लागते, तिला आपल्याकडे सरसकट ‘व्हिसा मेडिकल’ म्हणतात. छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, रक्तदाब, उंची आणि वजन. या तपासणीविषयी एक धास्ती घरोघरी असते: काटा जास्त दाखवील आणि व्हिसा हुकेल. मग महिनाभर आधी भात बंद, साखर बंद, कोणी तर चार दिवस नुसत्या ताकावर. अमुक किलोच्या वरच्या माणसाला प्रवेश नाही, असा नियम अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड यांपैकी कोणत्याही देशात नाही. तरीही ही धास्ती निराधार म्हणता येत नाही, कारण वजनावरून दुसरेच काही ताडले जाते: हा माणूस आजारी पडला तर आमच्या तिजोरीतून किती जाईल? माझा आक्षेप या प्रश्नाला नाही, उत्तर काढण्याच्या रीतीला आहे. समूहाचे वर्णन करायला घडवलेला आकडा इथे एका माणसाचा निकाल लावायला वापरला जातो.

सीमेवरच्या वैद्यकीय तपासणीला दोन भीतींनी जन्म दिला. एक रोगाच्या लागणीची, दुसरी पोसावे लागण्याची. अमेरिकेच्या १८८२ च्या कायद्याने स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या, म्हणजे सरकारवर भार होईल अशा माणसाला दार बंद केले. १८९१ च्या कायद्याने त्यात घातक संसर्गजन्य रोगांची भर घातली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस बेट सुरू झाले. तिथले डॉक्टर रांगेतल्या माणसाकडे काही सेकंद पाहत आणि शंका आली तर त्याच्या कोटावर खडूने अक्षर काढत: हृदयाला एक, डोळ्यांना एक, लंगडण्याला एक. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे ‘प्रकृती किरकोळ’ हा शेराही माणसांना परत पाठवायला पुरत असे. तेव्हा दोष हडकुळेपणाचा होता, आज लठ्ठपणाचा आहे. शंभर वर्षांत दोष उलटा झाला, पण अंगकाठीवरून भविष्य सांगण्याची हौस गेली नाही.

लागणीची भीती खरी आहे, तिच्याशी माझे भांडण नाही. क्षयाचा एक्स-रे हवाच. खर्चाच्या हिशेबाचे मात्र तसे नाही. न्यूझीलंडमध्ये ‘स्वीकारार्ह आरोग्य’ ही अट आहे. पाच वर्षांत सरकारी आरोग्यसेवेवर ८१,००० न्यूझीलंड डॉलरांहून अधिक बोजा पडेल असे वाटले, तर अर्जदार त्या अटीत बसत नाही. ही मर्यादा २०२२ साली वाढून एवढी झाली. उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, म्हणजे बॉडी मास इंडेक्स किंवा बीएमआय, ३५ च्या पलीकडे गेला की आणखी तपासण्या मागे लागतात. कागदावर यात गैर काही दिसत नाही. पण २०१३ साली क्राइस्टचर्चमधल्या एका दक्षिण आफ्रिकी आचाऱ्याचे प्रकरण जगभर गाजले. तो २००७ मध्ये तिथे आला तेव्हा त्याचे वजन १६० किलो होते. वर्षामागून वर्षे त्याचा परवाना विनातक्रार वाढवून मिळाला. वजन १३० किलोवर आल्यावर मात्र तो नाकारला गेला. तीस किलो उतरवलेला, नोकरी करून कर भरणारा माणूस खर्चिक ठरला! ओरड झाल्यावर तेवीस महिन्यांची मुदत मिळाली ती निराळी गोष्ट. आकड्याला त्या क्षणीचे वजन कळते. माणूस चढणीवर आहे की उतारावर, हे त्याला कळत नाही.

आणि हा आकडा मुळात कोणाचा? बेल्जियमचे खगोलवेत्ते आणि संख्याशास्त्रज्ञ अदोल्फ केतले यांचा. ‘सरासरी माणूस’ कसा असतो याचा ते १८३०च्या दशकात शोध घेत होते आणि त्या ओघात त्यांनी वजनाला उंचीच्या वर्गाने भागले. वैद्यकाशी त्यांचा संबंध नव्हता. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव १९७२ मध्ये अँसेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले, तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठी. मेद किती, स्नायू किती, मेद पोटावर की मांडीवर, हे त्यातून दिसत नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा आपल्या पुण्यातला आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातला मेद मात्र युडकिन यांचा ९.१ टक्के आणि याज्ञिकांचा २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून मेदाळ, अशा भारतीय देहाची ही गोष्ट आहे. आपल्याकडे मधुमेह सडपातळ माणसांनाही का गाठतो, याचा उलगडा त्यात आहे. म्हणजे ३५ ची रेघ ज्या धोक्यासाठी ओढली, तो धोका तिच्या खूप अलीकडेही उभा असतो, आणि रेघेपलीकडचा एखादा माणूस ठणठणीत निघू शकतो.

यावर कोणी म्हणेल, मग आशियाई लोकांसाठी रेघ खाली आणा. जागतिक आरोग्य संघटनेने आशियाई लोकसंख्यांसाठी २३ आणि २७.५ हे टप्पे सुचवले आहेतच. दवाखान्यात ते उपयोगी आहेत, सल्ला देताना ते वापरावेत. पण परवान्याच्या नियमात वंशावरून वेगळी रेघ घालणे म्हणजे एक चूक निस्तरताना तिच्याहून मोठी करणे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या आरोग्यसेवेला मर्यादा असतात आणि परक्याला घरात घेण्याआधी विचारपूस करण्याचा हक्क यजमानाला आहे. मान्य. पण विचारपूस करायची तर वहीची दोन्ही पाने उघडावीत. रुग्णालयाचा संभाव्य खर्च मांडायचा आणि तीस-पस्तीस वर्षांच्या कामकरी माणसाकडून येणारा कर मोजायचाच नाही, हा हिशेब एकांगी आहे. ऑस्ट्रेलियात तर वैद्यकीय अधिकारी समोरच्या अर्जदाराचा नव्हे, तसाच आजार असलेल्या एका काल्पनिक माणसाचा खर्च काढतो. केतल्यांचा सरासरी माणूस इथे कायद्यात येऊन बसला आहे.

तिसरे म्हणणे असे की आकडा निदान निःपक्षपाती असतो. माणूस पाहून ठरवायचे तर वशिला आणि पैसा शिरतो. यात तथ्य आहे. २००५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने हिलेविट्झ खटल्यात सांगितले की नुसत्या निदानावर न जाता अर्जदार कुटुंबाची परिस्थिती पाहा, खर्च उचलण्याची त्यांची तयारी आणि ऐपत पाहा. हिलेविट्झ कुटुंब सधन होते. गरिबाला त्या निकालाचा तेवढा आधार नाही. ब्रिटनने वेगळी वाट धरली: लांब मुक्कामासाठी भारतासारख्या देशांतल्या अर्जदारांची क्षयाची तपासणी, आणि आरोग्यसेवेचा अधिभार, २०२४ पासून बहुतेक प्रौढांना वर्षाला १,०३५ पौंड. हाही गरिबाला जड आहे. पण तो बहुतेकांना सारखा आणि आधी माहीत असतो. शिवाय तो भरणाऱ्याच्या देहावर शेरा मारत नाही. कॅनडानेही २०१८ मध्ये खर्चमर्यादा तिपटीने वाढवली आणि विशेष शिक्षणासारख्या सेवांचा खर्च हिशेबातून काढून टाकला. निःपक्षपातीपणा साधायला काटा हाच एक मार्ग नाही, हे यावरून दिसते. बीएमआयने डॉक्टरला पुढची तपासणी सुचवावी, तिथवर तो ठीक आहे.

अमेरिकेत मात्र वारे उलटे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये परराष्ट्र खात्याने वकिलातींना दिलेल्या सूचनांची बातमी आली: अर्जदाराला मधुमेह, हृदयरोग किंवा लठ्ठपणा असेल, तर उपचारांचा आयुष्यभराचा खर्च पेलण्याइतका पैसा त्याच्याकडे आहे का, हे पाहावे. तो सरकारवर भार होईल का, या १८८२ च्या प्रश्नाचा निर्णय खिडकीमागचा अधिकारी करणार, आणि तो डॉक्टर नसतो. मधुमेह ज्या समाजात इतका पसरला आहे, अशा आपल्यासारख्यांना याची झळ लागणार. म्हणून अर्जदाराने वजनापेक्षा कागदांची काळजी घ्यावी: तीन महिन्यांच्या साखरेचा एचबीए१सी अहवाल, रक्तदाबाच्या नोंदी, उपचार नियमित चालू असल्याचे डॉक्टरांचे पत्र, विम्याचा पुरावा. ताकावर काढलेल्या चार दिवसांनी यातले काहीच बदलत नाही. उलट अशा उपाशी अंगाने रक्त द्यायला गेलेल्या मधुमेह्याची साखर एकदम उतरली, तर त्या तपासणीच्या खोलीतच त्याला चक्कर यायची.