कागदाचे नाटक आणि श्रोत्याचा वाटा

लोककथा सांगणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये चित्र येऊन बसले म्हणजे श्रोत्याच्या कल्पनेला वाव उरत नाही, असा एक समज आहे. जपानमधील ‘कामिशिबाई’चा इतिहास पाहिला असता हा समज तपासून घ्यावा लागतो.

कामिशिबाई म्हणजे कागदाचे नाटक. १९३० च्या सुमारास टोकियोच्या गल्लीबोळांतून सायकलीवर लाकडी चौकट बांधलेले कथेकरी हिंडू लागले. लाकडाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटल्याचा आवाज कानी पडताच मुले धावत येत. कथेकरी त्यांना मिठाई विकी. त्यावरच त्याचा चरितार्थ चाले. मग चौकटीतील एकेक चित्र बाजूला सरके आणि कथा पुढे जाई. खरे कौशल्य होते ते चित्र ओढण्यात. ते अर्धेच ओढून कथेकरी थांबला, की मागील चित्राची कड तेवढी दिसे आणि पुढे काय होणार याची उत्कंठा मुलांना लागे.

परंतु हेच साधन युद्धकाळात सरकारी प्रचाराला जुंपले गेले. पीच फळातून जन्मलेला आणि कुत्रा, माकड व पक्षी यांच्या साहाय्याने राक्षसांचे बेट जिंकणारा मोमोतारो हा जपानी मुलांचा आवडता वीर. मित्सुयो सेओ यांच्या १९४५ सालच्या हलत्या रेखाचित्रांच्या चित्रपटात तो नौदलाचा सेनानी झाला आणि राक्षसांच्या जागी शत्रुसैनिक आले. कथा तीच, मात्र तिच्यातून काढावयाचा अर्थ आधीच ठरलेला होता.

१९५३ साली जपानमध्ये दूरचित्रवाणी सुरू झाली. लोक तिला ‘विजेची कामिशिबाई’ म्हणत. पण या नव्या चौकटीला समोरची मुले दिसत नव्हती. रस्त्यावरचे कथेकरी हळूहळू दिसेनासे झाले. तरी ही कला शाळांतून व ग्रंथालयांतून टिकली. नोरिको मात्सुई यांच्या १९८३ सालच्या एका कामिशिबाईत तर ‘मोठे हो’ असे मुलांनी एकसुरात म्हटल्यावरच पुढचे, मोठे झालेले चित्र येते.

२००६ साली कॅपकॉमने प्रकाशित केलेल्या ‘ओकामी’ या व्हिडिओ खेळात श्रोत्याच्या हाती कुंचलाच आला. या शब्दाच्या उच्चारातून ‘लांडगा’ आणि ‘महान देव’ असे दोन्ही अर्थ निघतात. त्यानुसार सूर्यदेवता आमातेरासू येथे शुभ्र लांडग्याच्या रूपाने वावरते. खेळणाऱ्याने आकाशात वर्तुळ काढले की सूर्य उगवतो. वठलेल्या झाडाभोवती काढले की ते बहरते. राख उधळून चेरीला फुले आणणाऱ्या म्हाताऱ्याची जुनी कथा जपानी खेळाडूला येथे सहज आठवावी.

साधने पालटली, तरी कसोटी पालटत नाही. कथेकरी श्रोत्यासाठी थांबतो की नाही, एवढे पाहणे पुरेसे नाही. थांबल्यावर श्रोत्याला स्वतःचे उत्तर देण्याची मोकळीक तो देतो काय, हेही पाहावे लागते.